काळ्या कापडावरचे केस

नांदेडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या ओढणीकडे बघत बसले. मग उठून जवळ आले, ओढणीवरचा एक केस दोन बोटांत उचलला, दारातल्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हा तुमचा हाय. आमचा न्हाई."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आत पलंगावर त्यांची थोरली बहीण बसली होती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि मांडीवर एक पांढरी मांजर. अक्कांनी एकच गोष्ट विचारली, "काई खाणारी न्हाईस ना गं?"

म्हणजे मटण-मासळी. "नाही," मी म्हणाले. ते साफ खोटं होतं. आमचं घर निलंग्याचं, आणि रविवारी मटण नसलं तर आमचे वडील ताटाकडे बघून उसासा टाकणारे. पण त्याआधी तीन घरांत खरं बोलून मी तीन खोल्या घालवल्या होत्या.

अक्का खूश झाल्या. मी निघाले तर घरमालक फाटकापर्यंत मागून आले. वळून घराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आता खरं सांगा. मासळी खाता का?"

"नाही हो."

"कधीमधी?"

"नाही."

"घरी न्हाई, पण बाहेर? मैत्रिणीकडं?"

मला वाटलं, ही दुसरी परीक्षा आहे. पहिली अक्कांनी घेतली, ही जास्त अवघड. मी ठासून सांगितलं, "मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही."

त्यांचा चेहरा पडला. "वाईट झालं," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

खोली मिळाली की नाही, हे दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन येईपर्यंत मला कळलं नव्हतं.

ते सगळ्या गल्लीचे मामा होते, म्हणून माझेही मामाच झाले. मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, म्हणून ते मला 'लॅबवाल्या बाई' म्हणत, आणि माझ्यापेक्षा पंचेचाळीस वर्षांनी मोठे असूनही शेवटपर्यंत अहो-जाहो करत. वय सत्तरीच्या पुढे, काटक अंग, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. लग्न केलं नव्हतं. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. तेव्हापासून बहीणभाऊ एकाच घरात.

मामांचा जन्म जिनिंगच्या कारखान्यात गेला होता, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून. लोह्याकडून, कंधारकडून कापसाच्या गाड्या यायच्या. मामा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, खालून बोंडभर कापूस काढायचे, दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचे. तुटके धागे गळून पडले की उरलेली बट काळ्या कापडावर मांडायची आणि पट्टीने मोजायची. धागा किती लांब, किती मऊ, किती मेलेला. "डोळ्याचं काई खरं न्हाई," ते म्हणत. "बोटाला विचारा."

रिटायर झाल्यावर बोटांना विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्याच सुमाराला अक्कांनी महादेवाच्या देवळामागून मांजरीचं एक पांढरं पिल्लू उचलून आणलं. नाव मामांनी ठेवलं. चरख्यावर सूत कातायला कापसाची वळकटी करतात, तिला पेळू म्हणतात. ती पेळू. लांब मऊ केसांची, शेपूट तर सरकी काढून निवडलेल्या रुईसारखं.

पण नाव ठेवण्यापलीकडे मामांनी त्या मांजरीचं कौतुक केलेलं मी कधी पाहिलं नाही. तिला मांडीवर घेत नसत. तिच्याशी बोलत नसत. ती पायात घोटाळली तर "हट" म्हणून बाजूला करत. आणि तरीही रोज सकाळी अक्कांची पूजा झाली की मामा अंगणात पाट टाकून बसत. अक्का पेळूला धरत. मामा आधी रुंद दातांची फणी घेत, मग बारीक दातांची. मानेपासून सुरुवात, केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूने. पाठ, मग बगला, कारण गुंता तिथंच होतो. पोट सगळ्यात शेवटी, आणि तिनं शेपूट आपटलं की ताबडतोब थांबायचं. शेवटी ओला हात अंगावरून फिरवून सुटे केस गोळा करायचे. फणीत आलेले केस काळ्या कापडावर मांडून मामा त्यांच्याकडे इतका वेळ बघत, की मला कॉलेजला जाताना त्यांना ओलांडून जावं लागे. मग ते केस लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटात जात. पाकिटावर महिना लिहिलेला. कपाटाचा एक कप्पा अशा पाकिटांनी भरला होता.

राहायला आल्यावर आठवड्याभराने मामांनी मला जिन्यात अडवलं. "लॅबवाल्या बाई, काळा ड्रेस हाय का तुमच्याकडं?"

"आहे. का?"

"सोमवारी घालत जा."

मला वाटलं काही व्रत असेल. सोमवारी काळा ड्रेस घालून उतरले. मामांनी मला थांबवलं, जिन्याच्या पायऱ्या जिथं संपतात तिथं पाचेक मिनिटं बसायला लावलं, उठवलं आणि मागे वाकून ड्रेसवरचे केस मोजले. "तेवीस," ते म्हणाले. "मागल्या सोमवारी मी काळं कांबळं टाकलं होतं, सतरा होते." मग मला जायला सांगितलं. मी कॉलेजच्या बसमध्ये चढेपर्यंत विचार करत होते, की तेवीस चांगले की वाईट.

असं वाटायचं की यांना केस गळण्याची भीती वाटते. पण तेही खरं नव्हतं. शेजारच्या काकू एकदा कुरकुरल्या, की मांजरीचे केस सगळीकडे होतात. मामा म्हणाले, "गळू द्या की. उन्हाळा लागला की कोट उतरवते ती. केस गळाले त्याची फिकीर न्हाई. मुळासकट आला का मधूनच तुटला, तेवढं बघायचं." काकूंना काही कळलं नाही, मलाही नाही. त्या आपल्या घरी गेल्या आणि झाडू घेऊन पुन्हा अंगण झाडू लागल्या.

एकदा पलीकडच्या कॉलनीतल्या एक बाई पर्शियन मांजर घेऊन आल्या. नांदेडचा एप्रिल, आणि त्या मांजरीच्या अंगावर केसांच्या गाठी, जणू कुणी तिला भिजवून उन्हात वाळवलंय. बाई म्हणाल्या, उन्हाचा त्रास होतो, सगळे केस मशीनने काढून टाकते. मामा उठून उभे राहिले. "केस म्हणजे तिचं छप्पर हाय. ऊन लागतं म्हणून कुणी घराचं छप्पर काढतं का?" मग त्यांनी कात्री मागितली. बाईंनी दिली. मामांनी ती कात्री घेऊन कपाटात ठेवून कुलूप लावलं. "कातडी केसासंगं वर येते. कापायला जाल गाठ, कापाल चामडं." तीन दिवस ते रोज दुपारी त्या मांजरीसमोर बसले. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाकायचं, बोटांनी टोकाकडून एक एक केस सोडवत मुळाकडे जायचं. तिसऱ्या दिवशी मांजर मोकळी झाली. बाईंनी पेढे आणले. मामांनी पेढे घेतले, पण कात्री परत द्यायला नकार दिला. का, ते मला विचारू नका.

हे सगळं होत असताना पेळू मात्र बिघडत चालली होती, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला ती पांढरी दिसायची. मामांना ती तशी दिसत नव्हती. एका सकाळी ते दोन पाकिटं पुढ्यात घेऊन बसले होते, एक दोन वर्षांपूर्वीचं, एक चालू महिन्याचं. मला बोलावून माझ्या बोटांत आधी एक बट दिली, मग दुसरी.

"काई कळून राहिलं?"

"दुसरी जरा रखरखीत आहे."

"मरून राहिली हाय," मामा म्हणाले. "केस मधून तुटून येतो. खाली कोंडा हाय. चमक गेली. हा कापूस असता तर मी गाडी परत पाठवली असती."

अक्का आतून ओरडल्या, "काई झालेलं न्हाई तिला! दूध-भाकर, तूप-भात, काय कमी हाय तिला माझ्याकडं?" मामांनी दोन्ही पाकिटं आत नेऊन ठेवली.

मग तो रविवार आला. कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे मला जेवायला बोलावलं होतं. दोघी मिळून मासळीबाजारात गेलो. मी रोहूचे तुकडे पिशवीत टाकून घेतले आणि वळले, तर रस्त्याच्या पलीकडे मामा उभे. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात कापडी पिशवी. बाजाराकडे एकटक बघत होते.

मासळीवाली म्हणाली, "त्यो म्हातारा रोज येतो. तिथंच उभा ऱ्हातो. बघतो आन् जातो. पंधरा दिस झाले."

मला पळून जावंसं वाटलं. पण मामांनी मला पाहिलं होतं. माझ्या पिशवीतून पाणी गळत होतं. ते रस्ता ओलांडून आले.

"तुम्ही तर न्हाई म्हणल्या होत्या."

"मामा, मी... तुम्ही इथं काय करताय?"

"बघून राहिलो."

"काय?"

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "खाता!" ते भर रस्त्यात ओरडले. "तुम्ही खाता!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. माझी मैत्रीण माझ्यापासून दोन पावलं दूर सरकली. मी आयुष्यात इतकी गोंधळले नव्हते. खोली जाणार, हे मला माहीत होतं. पण खोली काढून घेणारा माणूस इतका आनंदात कसा?

त्याच ठिकाणी, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मामांनी सगळं सांगितलं. पेळूला घेऊन ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर तरुण होता, त्याच्याकडे मुख्यतः म्हशीच यायच्या, पण त्याने नीट तपासलं. खायला काय देता, विचारलं. मामांनी सांगितलं. डॉक्टरने कपाळावर हात मारला. मांजर ही मांस खाणारी जात आहे, तिला जे लागतं ते दुधात नाही, भाकरीत नाही. केस त्यामुळेच तुटतायत. अंडं, मासा, कोंबडी, काहीतरी द्यायलाच पाहिजे. मामांनी मांजरीच्या खाण्याचं पाकीट आणलं, पण त्यावर माशाचं चित्र होतं. अक्कांनी ते फाटकाबाहेर फेकलं. "माझ्या घरातली मांजर हाय ती," अक्का म्हणाल्या होत्या. "मी खाते तेच खाईल." दुसरं पाकीट मामांनी लपवून आणलं, तर पेळूनेच त्याचा वास घेतला आणि पुढच्या पंजाने फरशी खरवडली, घाण झाकतात तशी.

"तुम्ही यायच्या आधी वर्षभर वरची खोली रिकामी ठेवली मी," मामा म्हणाले. "अक्का म्हणते, न खाणारा पाहिजे. मला पाहिजे होता, अक्कासमोर 'खात न्हाई' म्हणणारा आन् खरंतर खाणारा. अशी माणसं मिळत न्हाईत हो. जे खातात ते खरं बोलून मोकळे होतात."

मला हसावं की लाजावं ते कळेना.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. दुपारी अक्का झोपत. मला दुपारी दोन तास सुट्टी असे, मी घरी येत असे. मामा मासळी आणत, पिशवीत मेथीच्या जुडीखाली. मी माझ्या गॅसवर लहानशा भांड्यात ती नुसत्या पाण्यात उकडायची. मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण तर बिलकुल नाही, ते मांजरीला विष असतं, असं डॉक्टरने बजावलं होतं. मामा भिंतीकडे तोंड करून बसत. पण उकडून झालं की तेच वळून ताट ओढून घेत, कारण माझ्या हातून काटा राहील अशी त्यांना भीती होती. ज्या बोटांनी जन्मभर रुईतली कचऱ्याची काडी शोधली, ती बोटं आता माशातून काटे शोधायची. चेहरा मात्र असा, जणू कुणी त्यांना शिक्षा केलीय.

पहिल्या दिवशी पेळू खाताना गुरगुरली. आम्ही दोघं दचकलो.

दीड-दोन महिन्यांत फरक पडला. फणीत तुटके केस येईनात. कोंडा गेला. पाठीवर ऊन पडलं की केस चमकू लागले. मामा काळ्या कापडावर वाकून बसत आणि पट्टी दोनदा लावून बघत.

अक्का सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या, की रोज पूजेनंतर पेळूच्या कपाळाला विभूती लावते, त्याचा हा गुण. दोन बायका आपापल्या मांजरी घेऊन विभूती लावून घ्यायला आल्यासुद्धा. मामा कोपऱ्यात बसून ऐकत होते. एकीला त्यांनी फाटकाशी गाठून विचारलं, "तुमच्यात मासळी चालते का?" ती बाई घाबरून मांजर घेऊन निघून गेली.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. मामा हे कशासाठी करतात? मांजर आवडते म्हणून म्हणावं, तर ते तिच्या डोक्यावरून कधी हात फिरवत नव्हते. एकदा मी विचारलंही. म्हणाले, "माल खराब होऊन राहिला तर कुणालाबी बघवत न्हाई." आणि त्याच दिवशी मी त्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीवर पांढऱ्या खडूने जाड रेघ ओढताना पाहिलं. कशाला, विचारलं, तर म्हणाले, "दिसत न्हाई तिला." मला वाटलं, अक्कांबद्दल बोलतायत.

ते पेळूबद्दल बोलत होते, हे मला डॉक्टरकडे कळलं. तपासणीला एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरने पेळूच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, की आतला पडदा कमजोर झाला होता, हेही त्याच खाण्यामुळे. गेलं ते परत येणार नाही. पण आता पुढे जाणार नाही, थांबलंय. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "अक्काला डोळ्याचं काई बोलायचं न्हाई." एवढं कडक ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

होळीच्या आदल्या आठवड्यात दुपारी वीज गेली. खाली पंखा थांबला आणि अक्का जाग्या झाल्या. पेळू जवळ नव्हती. अक्कांचे गुडघे गेलेले, तीन वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या. त्या दिवशी चढल्या. "पेळू, पेळू" करत एक एक पायरी. आम्हाला आवाज आला तेव्हा त्या दारात होत्या.

मामा जमिनीवर बसलेले. कपाळावर विभूती, पुढ्यात ताट, बोटं माशात, आणि पेळूचं तोंड ताटात. मी भांडं घेऊन उभी.

मामांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "अक्का, गुडघा सांभाळ."

अक्कांनी चौकट धरली. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आता होळी आली."

"हाव."

अक्का वळल्या आणि उतरू लागल्या. मामा धावत मागे गेले, त्या पडतील म्हणून दोन्ही हात पुढे करून. अक्का मागे न बघता म्हणाल्या, "हात लावू नको मला." मामा तिथंच थांबले. मधल्या पायरीवर, हात तसेच पुढे धरलेले, बोटांना माशाचे तुकडे चिकटलेले. अक्का खाली पोचल्या, आत गेल्या, दार लागलं. तरी ते हात खाली घ्यायचं विसरले होते.

दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. अक्का मामांचं ताट वाढून बाहेर ठेवत आणि आत निघून जात. मामा पायरीवर बसून जेवत. फणीचा पाट अंगणात तसाच पडून होता. मी बॅग भरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी मला बोलावलं. त्या पलंगावर होत्या, पेळू मांडीवर.

"बस," त्या म्हणाल्या. "तू डॉक्टरकडं गेलती?"

"एकदा गेले होते."

"काय म्हणाला? सगळं सांग. माझ्यापासून काई लपवू नको."

मी दाराकडे पाहिलं. मामा दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते मला समजलं नाही. मी सांगून टाकलं. केसांचं सांगितलं, खाण्याचं सांगितलं, आणि शेवटी डोळ्यांचंही.

अक्का पेळूच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "म्हंजे माझ्या हातचं खाऊन ती आंधळी होऊन राहिली होती."

"अक्का, तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्याला म्हाईत होतं. त्यानं मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं होतं," मामा दारातून म्हणाले. "तू पाकीट फेकलंस."

"तू केसाचं सांगितलंस. डोळ्याचं का न्हाई सांगितलंस?"

मामांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "डोळ्याचं सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस."

अक्कांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. मी जमिनीकडे बघत बसले. मला आता काहीच कळत नव्हतं. हा माणूस चार-पाच महिने मांजरीला वाचवत होता, की बहिणीला?

मग अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वर होऊ द्या. खाली आणू नका. तिचं तोंड पुसून खाली पाठवत जा." आणि थोड्या वेळाने, अजून माझ्याकडेच बघत, "त्याला म्हणावं, हात धुऊन आत जेवायला ये."

मामा नळाकडे गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

पुढे मला लातूरला चांगली नोकरी मिळाली आणि मी नांदेड सोडलं. वरच्या खोलीत मासळी आता मामा स्वतःच उकडत. मामांचे फोन यायचे. हवापाणी विचारायचे नाहीत, एकदम सुरू व्हायचे. "लॅबवाल्या बाई, पाडव्यापासून गळती वाढली हाय, पण मुळासकट येऊन राहिली, फिकीर न्हाई." फोन बंद. मी फोन हातात धरून बसायची. मी कशी आहे, हे त्यांना विचारायचं होतं का, की खरंच फक्त मांजरीचं सांगायचं होतं?

गेल्या वर्षी मामा गेले. थोडे दिवस ताप, मग दवाखाना, मग अक्कांचा फोन. मला महिन्याभराने जायला जमलं. अक्का अंगणात पाटावर बसल्या होत्या आणि पेळूला फणी करत होत्या, उलट्या बाजूने. मी काही बोलले नाही. पेळूने मात्र शेपूट आपटलं आणि अक्का थांबल्या.

मी त्यांना विचारलं, "अक्का, मामांना पेळू आवडायची का हो?"

अक्कांनी विचार केला. "मला वाटायचं, न्हाई आवडत, माझ्यासाठी करतो. तो दवाखान्यात होता ना, तवा मी विचारलं, काय आणू तुला? तर म्हणतो, तिची एक बट आणून दाखव. आता सांग, बट बघायची होती का तिला बघायचं होतं? मी बट नेली. त्यानं बोटांत धरून ठेवली. बोलला काईच न्हाई." त्या थांबल्या. "सगळा जन्म संगं राहिलो. मीच कधी विचारलं न्हाई."

मामा गेल्यापासून शेजारच्या काकू मासळी आणून देत, आपल्या परसात वेगळ्या शेगडीवर उकडून. पण त्या चार दिवस लेकीकडे गेल्या होत्या. "चल माझ्यासंगं," अक्का उठत म्हणाल्या. "तिथं काय मागायचं ते मला कळत न्हाई."

रिक्षा केली. अक्का पदर नाकाला लावून बाजारात उतरल्या, विभूती, लिंगाची डबी, सगळं तसंच. लोक बघत होते. मी त्यांना त्याच मासळीवालीकडे नेलं. तिने मला ओळखलं. "मामा कुठं हायत? लई दिस झाले आले न्हाईत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "आज मी आले."

मासळीवालीने ढिगातून एक मासा काढून अक्कांपुढे धरला. "घ्या, दाबून बघा. मामा बोट लावल्याबिगर घेत न्हाईत."

अक्का त्या माशाकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "राहू द्या अक्का, मी बघते." त्यांनी ऐकलं नाही. नाकावरचा पदर सोडला, एक बोट पुढे केलं आणि माशाच्या अंगावर टेकवलं. दाबलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

"चांगला हाय?" त्यांनी मला विचारलं.

मलाही कळत नव्हतं. मी हो म्हणाले.

मासळीवाली तो कागदात बांधू लागली. अक्का ते ओलं बोट अंगापासून लांब धरून उभ्या होत्या. आजूबाजूला पाणी नव्हतं, भिंत नव्हती, फडकं नव्हतं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. तो सापडायच्या आत अक्कांनी ते बोट आपल्या पदराला पुसलं.